पर्यवेक्षण आणि श्रवण : ग्रामीण मानसोपचार-संवादाच्या देखरेखीची एक समीक्षा

१

ग्रामीण आरोग्यसेवेत मानसिक आरोग्याचे काम करणारी व्यक्ती रुग्णाशी जे बोलते त्यास शासकीय परिभाषेत ‘समुपदेशन’ म्हणतात; आणि तिच्या ह्या कामावर वरिष्ठांनी जी देखरेख ठेवावयाची तिला ‘पर्यवेक्षण’ असे म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृत घडणीचे, भारदस्त आणि आता पुरते रूढ झालेले आहेत. परंतु त्यांची घडण उलगडून पाहिली असता एक चमत्कारिक गोष्ट लक्षात येते. पहिल्या शब्दात उपदेश आहे, दुसऱ्यात ईक्षण म्हणजे पाहणे आहे. ज्या कामाचा सर्व भार ऐकण्यावर आहे, त्या कामाच्या ह्या दोन्ही नावांत ऐकण्याचा अर्थ देणारा धातू नाही.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. शब्दाचा अर्थ त्याच्या प्रयोगावरून ठरतो. म्हणून प्रयोगाकडे वळावे, तर तेथेही निराळा पुरावा मिळत नाही. मराठी माणसास पर्यवेक्षक प्रथम भेटतो तो परीक्षेच्या दालनात. बाकांच्या रांगांमधून तो फिरतो आणि कोणी गैरप्रकार करीत नाही ना, एवढे पाहतो. विद्यार्थ्याने काय लिहिले आहे हे वाचणे त्याच्या कामात येत नाही. आरोग्यसेवेतील पर्यवेक्षणही पुष्कळसे ह्याच अर्थाने चालत आले आहे. लसीकरण किती झाले, गृहभेटी किती झाल्या, नोंदवही पूर्ण आहे की नाही, हे पाहणे म्हणजे पर्यवेक्षण. लसीकरणाच्या बाबतीत त्याने बऱ्याच अंशी भागते; कारण टोचलेली लस ही मोजता येणारी वस्तू आहे. संवाद ही तशी वस्तू नव्हे. मानसिक आरोग्याच्या कामात देखरेखीचा खरा विषय म्हणजे प्रत्यक्ष झालेले बोलणे होय, आणि प्रचलित पर्यवेक्षणाच्या कक्षेत नेमके तेच येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

ज्यास पाश्चात्य मानसोपचारात नैदानिक पर्यवेक्षण म्हणतात, त्याचा इतिहास ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. १९२० साली बर्लिन येथे मनोविश्लेषकांनी आपले चिकित्सालय उघडले, आणि तेथील शिक्षणक्रमात नवख्या विश्लेषकाने आपल्या रुग्णांविषयी अनुभवी विश्लेषकाशी नियमाने बोलावे असा प्रघात पडला. ह्या प्रघातात एक उणीव होती. रुग्णाशी काय बोलणे झाले हे शिकाऊ विश्लेषकाच्या आठवणीतूनच कळे, आणि आठवण ही आपल्या सोयीने रचना करते. कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ध्वनिमुद्रित बैठकींची संपूर्ण शब्दशः संहिता आपल्या ग्रंथात छापली, तेव्हा प्रथमच उपचारक स्वतःविषयी काय सांगतो आणि प्रत्यक्षात काय बोलतो ह्यांतील अंतर डोळ्यांपुढे आले. लंडनच्या टॅव्हिस्टॉक चिकित्सालयात मायकेल बालिंट ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात सामान्य वैद्यांचे गट जमविले. त्या बैठकांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. प्राथमिक सेवेतल्या वैद्यानेही रुग्णाशी झालेला आपला संवाद समव्यवसायींपुढे मांडावा, हा विचार त्यातून स्थिरावला.

पुढे ब्रिजिड प्रॉक्टर ह्यांनी पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली, ती अजूनही प्रमाण मानली जातात. पहिले कार्य नियामक : काम सुरक्षित व नीतीस धरून होते आहे ना, हे पाहणे. दुसरे घडविणारे : काम करणाऱ्याचे कौशल्य वाढविणे. तिसरे सावरणारे : दुसऱ्याचे दुःख ऐकून जो थकवा येतो त्यातून कार्यकर्त्यास सावरणे. ह्या तीन कसोट्यांवर प्रचलित पद्धती लावून पाहिली, तर पहिल्या कार्याचा एक तुकडा, म्हणजे नोंदींची तपासणी, तेवढा शिल्लक राहतो. दुसरे कार्य वर्षाकाठच्या प्रशिक्षणावर ढकलले जाते आणि तिसऱ्याचे नावही निघत नाही.

३

हा प्रश्न वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे विशेष उचित होय. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा ह्या सहा तालुक्यांचा आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली; तीत ग्रामीण वस्तीचे प्रमाण पाचांत चारांहून अधिक आहे. कोरडवाहू शेती, सोयाबीन, तूर आणि कापूस ह्यांवर चालणारे संसार, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची दीर्घ छाया हे पश्चिम विदर्भातील अन्य जिल्ह्यांप्रमाणे येथलेही वास्तव होय. २०१८ साली देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशीमचा समावेश झाला.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात शासनाचे प्रयत्न नाहीत, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासूनचा. कर्नाटकातील बळ्ळारी येथील प्रयोगाच्या अनुभवावर त्याचे जिल्हा पातळीवरील रूप १९९६ मध्ये उभे राहिले. महाराष्ट्रात २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू झाला आणि त्यांत वाशीम होते. गावोगावच्या आशा स्वयंसेविकांनी घरी जाऊन प्रश्न विचारावेत, खचलेल्या शेतकऱ्यास ओळखावे आणि त्यास आरोग्यकेंद्राकडे किंवा रुग्णालयाकडे धाडावे, अशी ही योजना होती. २०१८ नंतर उपकेंद्रांच्या कामातही मानसिक आरोग्याचा अंतर्भाव झाला आणि २०२२ च्या ऑक्टोबरपासून ‘टेली-मानस’ची दूरध्वनी-सेवा उपलब्ध झाली.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा जो प्रकल्प राबविण्यात आला, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावपातळीवरील आरोग्य-कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक आणि ठरावीक दिवशी येणारे मनोविकारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. औदासीन्याने ग्रस्त असलेल्या लोकांपैकी उपचारासाठी कोणाशी तरी संपर्क साधणाऱ्यांचे प्रमाण आरंभी ४.३ टक्के होते. १८ महिन्यांच्या कामानंतर ते २७.२ टक्के झाले. तुलनेसाठी निराळा गट नसल्यामुळे सर्वच श्रेय प्रकल्पास देणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही. तथापि प्रशिक्षित गावकरी हे काम करू शकतात, ह्याविषयी शंका घेण्यास आता फारशी जागा उरलेली नाही.

मात्र ‘संपर्क’ ह्या मापाची मर्यादा ध्यानात घेतली पाहिजे. किती माणसे दारापर्यंत आली हे त्याने कळते. दाराच्या आत काय बोलणे झाले हे कळत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) निरनिराळ्या मनोविकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे दिसून आले. ही दरी मोठी आहे म्हणून सर्व लक्ष संख्येकडे गेले, हे स्वाभाविकच होय. परंतु निष्काळजी बोलण्याने एकदा परत गेलेला मनुष्य पुन्हा येत नाही, आणि त्याची नोंद मात्र ‘संपर्क झाला’ अशीच राहते.

४

आता प्रत्यक्ष बोलण्याकडे वळावे. पुढील उदाहरणे विवेचनासाठी रचलेली आहेत. त्यांतील भाषिक विशेष मात्र वऱ्हाडातील नित्य व्यवहाराचे आहेत.

समजा, मालेगाव तालुक्यातील एखादा कास्तकार म्हणतो : ‘ताई, मले काहीच सुधरून नाही राह्यलं.’ प्रमाण मराठीत ‘सुधरणे’ म्हणजे बरे होणे, चांगले होणे. वऱ्हाडीत त्याचा अर्थ सुचणे, उमगणे असा होतो. त्या मनुष्याला पुढची वाट दिसत नाही, विचार थांबला आहे, असे तो सांगतो आहे. पुण्या-मुंबईकडून आलेल्या तज्ज्ञाने हेच वाक्य ‘प्रकृतीत सुधारणा नाही’ असे लिहून घेतले, तर एका शब्दाच्या फरकाने मनाचा प्रश्न औषधाच्या गुणाचा प्रश्न होऊन बसतो. गावची आशा ह्या ठिकाणी चुकणार नाही. चुकेल तो तिचा अहवाल वाचणारा. म्हणजे पर्यवेक्षकाच्या ठिकाणी जी पात्रता हवी, तिचा काही भाग पर्यवेक्षित कार्यकर्तीजवळच अधिक आहे.

दुसरे उदाहरण कार्यकर्तीच्या बोलण्याचे. ती सद्भावनेने म्हणते : ‘दादा, टेन्शन घेऊ नका, देवाचं नाव घ्या, दारू सोडा, लेकरांकडे पाहा.’ चार क्रियापदे आणि चारही आज्ञार्थी. ह्यांत कठोरपणा मुळीच नाही. वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभेल अशीच ही भाषा आहे. परंतु ज्याच्या अंगी अंथरुणातून उठण्याचेही बळ राहिलेले नाही, त्याच्या कानांवर ह्या चार आज्ञा चार आरोपांसारख्या पडतात : तू काळजी करतोस, देवाला विसरलास, पितोस, लेकरांकडे पाहत नाहीस. ह्याऐवजी ‘सकाळी वावरात चक्कर मारणं जमेल का?’ असा प्रश्न आला असता, तर निर्णय त्याच्या हाती राहिला असता. एक लहानशी कृती रुग्णाबरोबर बसून ठरविणे हे औदासीन्यावरील एका परिणामकारक उपचारपद्धतीचे मर्मच आहे. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत तिचे एक लक्षण असे सांगता येईल की, तीत आज्ञार्थ कमी आणि शक्यार्थ व प्रश्न अधिक असतात.

तिसरे उदाहरण सर्वनामांचे. मराठीत श्रोत्यास वगळणारे ‘आम्ही’ आणि त्यास सामावून घेणारे ‘आपण’ असे दोन निराळे शब्द आहेत. इंग्रजीला ही सोय नाही. ‘आम्ही सांगतो तसं करा’ आणि ‘आपण पाहू कसं करता येते ते’ ह्यांतील अंतर इंग्रजी मार्गदर्शिकेवरून तयार केलेल्या कोणत्याही तपासणी-यादीत आपोआप उतरणार नाही. ते मराठी कानासच ऐकू येईल.

चौथे उदाहरण सर्वांत गंभीर होय. ह्या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ९ प्रश्नांच्या प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांविषयी आहे. प्रत्येक प्रश्नास ० ते ३ गुण द्यावयाचे आणि एकूण २७ पैकी बेरीज करावयाची. आता ‘मेलेलं बरं’, ‘देवानं उचलावं’ ही वाक्ये मराठी ग्रामीण बोलण्यात पदोपदी येतात. म्हातारी सून रागावली म्हणून तसे म्हणते, आणि ज्याने मनाशी काही ठरविले आहे तोही तसेच म्हणतो. शब्द एकच, भेद कळतो तो पुढच्या प्रश्नाने. ‘असा विचार मनात केव्हा केव्हा येतो? काही करावं असंही येते का?’ असे सरळ आणि आस्थेने विचारण्याने धोका वाढत नाही, हे संशोधनाने दाखविलेले आहे. न विचारल्याने मात्र धोका अज्ञात राहतो. कार्यकर्तीने हा पुढचा प्रश्न विचारला की ती भिऊन विषयांतर करून गेली, हे गुणांच्या बेरजेत दिसणे शक्य नाही.

आणि ह्या सर्वांवर अहवालाची भाषा पांघरूण घालते. ‘रुग्णास समुपदेशन करण्यात आले.’ ह्या वाक्यात कर्ता नाही, बोललेले शब्द नाहीत, रुग्णाचे उत्तर नाही. वर सांगितलेल्या चार आज्ञा आणि त्यांऐवजी विचारलेला तो एक प्रश्न, दोहोंची नोंद अगदी ह्याच वाक्याने होते. भाषेचा असा उपयोग कार्यालयीन कामकाजास सोयीचा असेल, परंतु पर्यवेक्षणाचे साधन म्हणून तो निरुपयोगी होय.

ह्यात बोलीबहुलतेची भर पडते. ग्रियर्सन ह्यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात वऱ्हाडीचे नमुने छापले गेले. पुढील शतकभर अभ्यासकांनी तिच्याकडे बहुधा नमुना म्हणूनच पाहिले. आरोग्यसेवेचे साधन म्हणून तिचा विचार झाला नाही. मानोरा तालुक्यात, जेथे बंजारा समाजाचे पोहरादेवी हे क्षेत्र आहे, तेथील तांड्यांत गोरमाटी बोलली जाते. तिची प्रकृती राजस्थानी भाषांशी जवळची आहे. तांड्यातील स्त्रीचे दुःख मराठीत आणि मराठीतून प्रश्नावलीच्या भाषेत जाते, तेव्हा दोन भाषांतरे घडलेली असतात आणि अहवालात त्यांतील एकाचीही खूण राहत नाही.

५

बोलणेच ऐकून पर्यवेक्षण करणे शक्य आहे काय? गोव्यातील काम ह्या बाबतीत मार्गदर्शक ठरते. तेथील ‘मानस’ प्रयोगात प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बिगरवैद्यकीय समुपदेशक नेमण्यात आले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा लाभ झालेला दिसला, खासगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. त्यानंतरच्या कामात समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून त्या समुपदेशकांनीच गटात बसून ऐकाव्यात आणि ठरावीक गुणपट्टीवर एकमेकांचे काम मोजावे, अशी पद्धत आखली गेली. त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी समाधानकारकपणे जुळले, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्याच पद्धतीने घडविलेल्या समुपदेशकांनी १० प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून तीव्र औदासीन्याच्या ४९५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काम केले, आणि ती उपचारपद्धती परिणामकारक ठरली, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

ह्या पद्धतीचे मोल दुहेरी आहे. तज्ज्ञ थोडे असल्याने देखरेख अशक्य आहे, ही नेहमीची सबब तिने बाजूस सारली. आणि पर्यवेक्षणाचा विषय नोंदीवरून बोलण्यावर आणला. तरीही तिच्यावर एक आक्षेप घेतला पाहिजे. गुणपट्टी ही स्वभावतःच भाषानिरपेक्ष असते. समुपदेशकाने सहानुभूती दाखविली काय, असे ती विचारते. मराठीत ती कोणत्या रूपांनी दिसते, हे ती सांगत नाही. ‘अगं माय’ हा उद्गार कधी सहानुभूतीचा असतो, कधी धक्क्याचा. क्षणभराचे मौन कधी आदराचे असते, कधी गोंधळाचे. म्हणून गुणपट्टी दुसऱ्या भाषेत नेताना केवळ शब्दांचे भाषांतर पुरत नाही. त्या त्या बोलीतील नमुन्यांनी ती भरावी लागते. हे काम वैद्यकशास्त्राने एकट्याने करण्यासारखे नाही, आणि विद्यापीठातील भाषाविभागांनीही आजवर ते अंगावर घेतलेले नाही.

६

ह्या प्रतिपादनावर काही आक्षेप संभवतात. पहिला असा की, पर्यवेक्षणाचा निर्णय अखेर वैद्यकीय आहे. हे खरे आहे. औषध केव्हा द्यावे, आजार किती तीव्र आहे, आत्महत्येचा धोका तातडीचा आहे काय, हे ठरविणे मनोविकारतज्ज्ञाचेच काम होय. आणि त्याने सहज उपलब्ध असावे ही मागणी मागे घेण्याचे कारण नाही. २०२४ मध्ये वाशीम येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ती मागणी आता अधिक व्यवहार्य झाली आहे. परंतु तज्ज्ञाचा निर्णय ज्या माहितीवर उभा राहतो, ती माहिती संवादातूनच येते.

दुसरा आक्षेप गुप्ततेचा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ह्याने रुग्णास गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. गावच्या आशेने गावच्या माणसाचे बोलणे मुद्रित करावे, हे संमतीवाचून कदापि चालणार नाही. आणि जेथे सर्वजण एकमेकांस ओळखतात तेथे नाव काढून टाकल्यानेही ओळख पुसत नाही. अशा ठिकाणी दोन कार्यकर्त्यांनी रुग्ण व समुपदेशक ह्यांच्या भूमिका घेऊन प्रसंग वठवावा आणि इतरांनी तो ऐकून चर्चा करावी, हा मार्ग अधिक सुरक्षित होय. मुद्रण हे साधन आहे, साध्य नव्हे.

तिसरा आक्षेप वेळेचा. आशा स्वयंसेविकेवर कामांचा बोजा अगोदरच मोठा आहे आणि गटप्रवर्तकाच्या हाताखाली अशा अनेक जणी असतात. तेव्हा ही नवी बैठक जुन्या बैठकीवर लादावयाची नसून, प्राथमिक आरोग्यकेंद्रातील मासिक बैठकीचा एक तास नोंदवह्यांकडून काढून ह्या कामास द्यावयाचा, एवढेच सुचविता येईल. त्या तासात एका कार्यकर्तीने एकच प्रसंग शक्य तितका शब्दशः सांगावा. ‘करण्यात आले’ हा प्रयोग त्या तासापुरता वर्ज्य मानावा. आणि पहिला प्रश्न ‘तू काय केलेस?’ असा नसून ‘तो काय म्हणाला?’ असा असावा.

अखेरीस प्रॉक्टर ह्यांच्या तिसऱ्या कार्याकडे, सावरण्याकडे, परत आले पाहिजे. आशा ही परगावची तज्ज्ञ नव्हे. तिचे घर बहुधा कास्तकाराचेच असते. पाऊस रुसला तर तिच्याही वावरातले सोयाबीन जाते. ज्या घरात ती प्रश्न विचारावयास जाते ते कधी तिच्या दिराचे असते, कधी मैत्रिणीचे. जेथे उशीर झाला त्या घरासमोरून तिला रोज जावे लागते. तिचे हे ओझे कोणत्याही रकान्यात येत नाही. तिचा वरिष्ठ तिला मासिक बैठकीत म्हणतो, ‘उद्दिष्ट पूर्ण करा, माहिती वेळेवर भरा’. आणि तीच क्रियारूपे ती दुसऱ्या दिवशी एखाद्याच्या ओसरीवर घेऊन जाते. ज्या बाईचे कोणी ऐकून घेतलेले नाही, तिने दुसऱ्याचे ऐकून घ्यावे, ही अपेक्षा न्याय्य नाही आणि फलदायीही नाही. म्हणून कार्यकर्तीच्या भाषेत आज्ञार्थाच्या जागी प्रश्न यावा अशी इच्छा असेल, तर तो बदल प्रथम पर्यवेक्षकाच्या भाषेत घडला पाहिजे. त्यासाठी नवा निधी लागत नाही. ‘समुपदेशन’ व ‘पर्यवेक्षण’ हे शब्द बदलण्याचाही आग्रह धरावयास नको. शब्द आपले अर्थ बदलीत जातात, मात्र त्यांच्यामागचा व्यवहार आधी बदलावा लागतो.